नाराज मतदाराने मत कोणास द्यावे?

विलायतेत ४ जुलै २०२४ रोजी सार्वत्रिक निवडणूक झाली आणि चौदा वर्षे सत्तेवर असलेल्या हुजूर पक्षाला तेथील मतदारांनी अशी चपराक दिली की, त्या पक्षाच्या दीर्घ इतिहासात तिला तोड सापडत नाही. ६५० जागांच्या कॉमन्स सभेत हुजुरांच्या वाट्यास अवघ्या १२१ जागा आल्या. मजूर पक्षाने ४११ जागा जिंकल्या आणि सर कीर स्टार्मर यांचे मंत्रिमंडळ अधिकारारूढ झाले. परंतु या विजयाचा गुलाल खाली बसतो न बसतो तोच, १ मे २०२५ रोजी झालेल्या स्थानिक निवडणुकांत त्याच मतदारांनी मजूर पक्षालाही धूळ चारली. त्याच दिवशी रनकॉर्न व हेल्सबी या मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. दहा महिन्यांपूर्वी जेथे मजूर उमेदवार चौदा हजारांहून अधिक मताधिक्याने निवडून आला होता, तेथे नायजेल फराज यांच्या रिफॉर्म पक्षाने अवघ्या सहा मतांनी ती जागा हिरावून घेतली.

ज्याला घालविले त्याच्यावर राग, ज्याला आणले त्याच्यावरही राग, आणि उद्या मत कोणाला द्यायचे याचा निश्चय नाही, अशा मनःस्थितीत ब्रिटिश मतदार सापडला आहे. दूरच्या देशातील हा घोळ आपण कशासाठी चिवडावा, असे कोणी वाचक म्हणेल. त्यास आमचे उत्तर असे की, सरकारवर रुष्ट झालेल्या माणसाने आपले एकुलते एक मत कसे वापरावे, हा प्रश्न लोकशाहीइतकाच जुना आहे, आणि ज्या पार्लमेंटरी पद्धतीचा वारसा आपण स्वीकारला तिच्या जन्मभूमीत तो कसा सुटतो अथवा फसतो, हे सीमाभागातील मतदाराइतके अगत्याने पाहण्याचे कारण दुसऱ्या कोणास क्वचितच असेल.

प्रथम या नाराजीची कारणे पाहू. ती काल्पनिक नाहीत. २०२२ च्या ऑक्टोबरात तेथील महागाईचा वार्षिक दर ११.१ टक्क्यांवर गेला, आणि चाळीस वर्षांत जे पाहिले नव्हते ते सामान्य गृहिणीने बाजारात पाहिले. त्याच सुमारास लिझ ट्रस बाईंचे मंत्रिमंडळ सात आठवड्यांत गडगडले. चौदा वर्षांत पाच पंतप्रधान झाले, पण रुग्णालयाच्या दारातील रांग काही हटली नाही. सरकारी आरोग्यसेवेच्या प्रतीक्षायादीवरील उपचारांची संख्या इंग्लंडात २०२४ साली पंचाहत्तर लाखांच्या पुढे होती. डाकघरांच्या प्रकरणाने तर लोकांचा विश्वासच उडविला. सदोष हिशेबयंत्रणेच्या भरवशावर नऊशेंहून अधिक डाकघर चालकांना चोर ठरवून दोषी करार दिले गेले, आणि त्यांची निर्दोषता कायद्याने मान्य व्हावयास २०२४ साल उजाडावे लागले. या दीर्घ काळात मजूर, हुजूर आणि उदारमतवादी हे तिन्ही पक्ष केव्हा ना केव्हा सत्तेवर बसून गेले होते. मग ‘सगळे एकाच माळेचे मणी’ असे साध्या माणसाने म्हटले, तर त्याला दोष कसा द्यावा?

तथापि राग खरा असला म्हणजे त्याचा परिणामही रागावणाऱ्याच्या इच्छेप्रमाणेच होतो असे नाही. येथे ब्रिटिश निवडणूकपद्धतीचे गणित आडवे येते. प्रत्येक मतदारसंघात ज्याला इतरांपेक्षा एक मत अधिक, तो विजयी, आणि बाकीची सारी मते निष्फळ. मजूर पक्षाला २०१९ साली एक कोटी दोन लाखांहून अधिक मते पडली होती, तेव्हा त्याला २०२ जागा मिळाल्या आणि तो पराभूत म्हणून गणला गेला. २०२४ साली त्याची मते सुमारे सत्त्याण्णव लाखांवर उतरली आणि जागा दुपटीवर चढल्या! शेकडा ३४ हूनही कमी मतांवर शेकडा ६३ जागा मिळाल्या, त्या मजूर पक्षाची लोकप्रियता वाढली म्हणून खास नव्हे. विरोधकांची मते फुटली म्हणून. उलट रिफॉर्म पक्षाने एक्केचाळीस लाख मते मिळवून पाचच जागा पटकावल्या, तर उदारमतवादी लोकशाहीवाद्यांनी पस्तीस लाख मतांवर ७२ जागा मिळविल्या. पहिल्यांची मते देशभर विखुरली होती. दुसऱ्यांनी ठरावीक मतदारसंघांवर आपले बळ एकवटले होते. नाराजीचा साठा कितीही मोठा असो, तो कोठे आणि कसा वाहतो यावर सारे अवलंबून असते.

आता नाराज मतदारापुढे कोणकोणते मार्ग असतात, ते एकेक तपासू.

पहिला मार्ग घरी बसण्याचा. तो फार लोकांनी पत्करला आहे. १९५० साली विलायतेत शेकडा ८४ लोकांनी मतदान केले होते. २०२४ साली हे प्रमाण सुमारे ६० वर आले. मत न देणारा माणूस समजतो की, आपण साऱ्यांचा निषेध केला. पण मोजणीच्या टेबलावर त्याच्या निषेधाची नोंद कोठेच होत नाही. आपल्याकडील मतदानयंत्रावर ‘वरीलपैकी कोणीही नाही’ असे म्हणण्याची निदान एक कळ तरी आहे. विलायतेत तीही नाही. तेथे फार तर मतपत्रिका बिघडवून टाकता येते आणि ती बाद मतांच्या गठ्ठ्यात जाते. शिवाय घरी कोण बसतो हेही पाहिले पाहिजे. तेथे तरुण आणि भाड्याच्या घरात राहणारे कमी संख्येने मत देतात, वृद्ध आणि घरमालक अधिक संख्येने देतात. मग मंत्रिमंडळाचे कान कोणाकडे लागणार हे सांगावयास ज्योतिषी नको. २०२४ साली मजूर सरकारने वृद्धांचा हिवाळी इंधनभत्ता बहुसंख्यांच्या बाबतीत बंद केला. त्यावर एवढा क्षोभ उसळला की, २०२५ च्या मे महिन्यातील पराभवानंतर सरकारला माघार घ्यावी लागली आणि सुमारे नव्वद लाख पेन्शनरांना तो भत्ता परत देणे भाग पडले. ज्यांच्या हाती मतांची काठी होती त्यांचे गाऱ्हाणे ऐकले गेले. घरी बसणाऱ्याच्या गाऱ्हाण्याची अशी दखल कोणत्या सरकारने कधी घेतली आहे?

दुसरा मार्ग दंडाचा. ‘हे नकोत, मग कोणीही चालतील’, या भावनेने हाताशी येईल त्या पक्षाला मत देऊन मोकळे होणे. आम्ही या मार्गाला सर्वस्वी त्याज्य म्हणणार नाही. राज्यकर्त्यांना जनतेने पदच्युत करावे, हा तर लोकशाहीचा गाभाच आहे. महायुद्ध जिंकून देणाऱ्या चर्चिलसाहेबांना १९४५ च्या जुलैत ब्रिटिश जनतेने घरी पाठविले, त्यात कृतघ्नता नव्हती. पण तेव्हाच्या मतदाराला काय नको होते एवढेच ठाऊक नव्हते. त्याला घरे, काम आणि फुकट औषधोपचार हवे होते, आणि ते देण्याची प्रतिज्ञा करणारा पक्ष त्याच्यासमोर उभा होता. त्या दंडाला पुढची दिशा होती, म्हणूनच १९४८ साली राष्ट्रीय आरोग्यसेवा उभी राहिली. ज्या दंडाला पुढची दिशा नसते, तो शिक्षा एकाला करतो आणि सत्ता भलत्याच्याच हाती देतो. २०२४ च्या मतदानात हुजुरांचा सूड घेणारे हात पुष्कळ होते. मजुरांचा कार्यक्रम मनापासून हवा असणारे त्या मानाने थोडे होते. मग वर्षाच्या आत पश्चात्ताप झाला, याचे नवल वाटावयास नको.

तिसरा मार्ग हिशेबी मतदानाचा. आपला आवडता उमेदवार येणे शक्य नसेल, तर ज्याला पाडायचे त्याला जो खरोखर पाडू शकेल, त्याच्या पारड्यात मत टाकावे. १९९७ साली चेशायर परगण्यातील टॅटन मतदारसंघात याचे नामी उदाहरण घडले. पैसे घेऊन पार्लमेंटात प्रश्न विचारल्याच्या आरोपात सापडलेल्या हुजूर उमेदवाराविरुद्ध मजूर आणि उदारमतवादी या दोन्ही पक्षांनी आपापले उमेदवार मागे घेतले आणि मार्टिन बेल या युद्धवार्ताहराला अपक्ष म्हणून वाट मोकळी करून दिली. हुजुरांचा अभेद्य समजला जाणारा तो गड अकरा हजारांच्या मताधिक्याने कोसळला. दोन पक्षांनी आपला अहंकार चार आठवडे गुंडाळून ठेवला, एवढाच या विजयाचा मंत्र होता. पण या मार्गाची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. एक माणूस पडला, प्रश्न उरलाच. दर निवडणुकीत ‘त्यातल्या त्यात बरा’ निवडणाऱ्याला अखेर चांगले काय ते आठवेनासे होते.

चौथा मार्ग लहान पक्षाचा किंवा एका प्रश्नावर उभ्या राहिलेल्या अपक्षाचा. ‘मत वाया जाईल’ ही भीती मोठे पक्ष या मार्गाविरुद्ध नेहमी घालतात. ती भीती निराधार नाही. २०१५ साली युकिप या पक्षाला शेकडा साडेबारा मते मिळूनही एकच जागा मिळाली. पण त्याच पक्षाच्या दडपणाने हुजूर पंतप्रधानांनी युरोपविषयक सार्वमताचे आश्वासन दिले, आणि २३ जून २०१६ रोजी शेकडा ५१.९ मतांनी ब्रिटनने युरोपीय संघ सोडण्याचा कौल दिला. तो कौल शहाणपणाचा होता की नाही, हा वाद आम्ही येथे घालत नाही. एका जागेच्या पक्षाने देशाचे सारे राजकारण फिरविले, एवढे मात्र मान्य करावेच लागते. दुसऱ्या बाजूला विश्वासघाताचाही धोका असतो. २०१० साली उदारमतवादी लोकशाहीवाद्यांनी विद्यापीठांची फी वाढू न देण्याचे वचन देऊन तरुणांची मते घेतली, आणि हुजुरांबरोबर सत्तेत बसल्यावर तीच फी जवळजवळ तिप्पट होऊ दिली. २०१५ साली त्यांच्या ५७ जागांच्या ८ झाल्या. वचनभंगाचे माप मतदाराने पदरात घातले. पण फी मात्र कमी झाली नाही.

या चौथ्या मार्गाचे आम्हाला सर्वांत उद्बोधक वाटलेले उदाहरण वायर फॉरेस्टचे. किडरमिन्स्टर गावच्या रुग्णालयातील अपघात विभाग बंद झाला. गावकऱ्यांनी अर्ज केले, मोर्चे काढले; कोणी दाद देईना. तेव्हा डॉ. रिचर्ड टेलर नावाचे निवृत्त डॉक्टर केवळ रुग्णालयाच्या प्रश्नावर २००१ साली पार्लमेंटला उभे राहिले आणि मजूर पक्षाच्या मंत्र्याला सतरा हजारांहून अधिक मतांनी पराभूत करून निवडून आले. २००५ साली गावाने त्यांना पुन्हा पाठविले. २०१० साली मात्र ते हरले. पूर्वीचा अपघात विभाग जसाच्या तसा परत आला नाही. मग गावाची नऊ वर्षे फुकट गेली काय? आम्हाला तसे वाटत नाही. त्यानंतर कोणत्याही पक्षाला लहान गावचे रुग्णालय बंद करताना किडरमिन्स्टरची आठवण ठेवावी लागली. एका गावाची एकजूट ही शंभर गावांची ढाल होते, ती अशी.

आणि भाषेचा प्रश्न ज्यांच्या जिव्हाळ्याचा आहे, त्यांनी वेल्सकडे पाहावे. प्लाइड कम्री हा वेल्श भाषेचा अभिमानी पक्ष १९२५ साली स्थापन झाला. त्याचा पहिला सदस्य, ग्विनफोर इव्हान्स, कारमार्दनच्या पोटनिवडणुकीत पार्लमेंटमध्ये जावयास १९६६ साल लागले. म्हणजे एकेचाळीस वर्षे! पुढच्याच वर्षी वेल्श भाषेचा कायदा झाला. १९७० साली इव्हान्स पडले. १९७४ च्या फेब्रुवारीत तर ते फक्त तीन मतांनी हरले आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात पुन्हा आले. सरकारने वेल्श दूरचित्रवाणी वाहिनीचे वचन मोडले, तेव्हा १९८० साली या वृद्ध नेत्याने प्राणांतिक उपोषणाची घोषणा केली. थॅचरबाईंचे सरकार नमले आणि १९८२ साली ती वाहिनी सुरू झाली. १९७९ च्या सार्वमतात वेल्सने स्वतःची विधानसभा चौपट मतांनी नाकारली होती. १९९७ साली तीच त्याने अवघ्या ६,७२१ मतांच्या आधिक्याने स्वीकारली. या साऱ्या कालखंडात वेस्टमिन्स्टरमध्ये त्या पक्षाचे चारांहून अधिक सदस्य एका वेळी कधी बसले नाहीत. आणि २३ ऑक्टोबर २०२५ रोजी केअरफिली येथील पोटनिवडणुकीत, जेथे पिढ्यान्‌पिढ्या मजूर पक्षाचे वर्चस्व होते, तेथे या पक्षाने रिफॉर्म आणि मजूर या दोघांनाही मागे टाकले. नाराज मतदाराला आपल्या मातीतला, वर्षानुवर्षे निष्ठेने उभा असलेला पर्याय सापडला. तो एका रात्रीत उगवलेला नव्हता.

कोणी म्हणेल की, दोष मतदाराचा नसून पद्धतीचा आहे. १९५१ साली मजूर पक्षाला अधिक मते पडली आणि राज्य हुजुरांचे आले. मग अशा पद्धतीत साध्या मतदाराने काय करावे? या आक्षेपात तथ्य आहे. प्रमाणशीर प्रतिनिधित्व असते तर २०२४ ची कॉमन्स सभा निराळी दिसली असती. परंतु २०११ साली मतदानाची रीत थोडी बदलण्याची संधी सार्वमताने पुढे आली, तेव्हा ती शेकडा ६७.९ मतांनी नाकारली गेली, आणि त्या मतदानास निम्मे लोकही फिरकले नाहीत. ज्या पद्धतीवर आपण दात-ओठ खातो, ती बदलण्याच्या दिवशीही जर आपण घरीच बसलो, तर तक्रारीचा अधिकार कितीसा उरतो?

तात्पर्य, नाराज मतदाराने मतपत्रिका हाती घेण्यापूर्वी स्वतःस तीन प्रश्न विचारावेत, असे आम्हास वाटते. पहिला, माझी तक्रार नेमकी कोणती? ‘सगळेच वाईट’ ही तक्रार नव्हे. रुग्णालय, भाडे, शाळा, भाषा ही तक्रार. दुसरा, माझ्या मतदारसंघात ती तक्रार कोण उचलील आणि निवडून येण्याइतके वा निदान धाक बसविण्याइतके बळ कोणाजवळ आहे? तिसरा, मत दिल्यानंतर त्याच्याकडे जाब मागावयास मी जाणार आहे काय? ब्रिटनमध्ये खासदार आठवड्याच्या अखेरीस आपल्या मतदारसंघात बसून कोणाचेही गाऱ्हाणे ऐकतात. २०१५ च्या कायद्याने, ठरावीक अपराध वा गैरवर्तनाबद्दल, शेकडा दहा मतदारांच्या सह्यांनी खासदाराला पदावरून खाली खेचता येते. ही साधने वापरणारा मतदार पाच वर्षे राजा असतो. न वापरणारा एका दिवसाचा.

एकेका मताला काय किंमत असते, असे विचारणाऱ्यास आम्ही रनकॉर्नची सहा आणि कारमार्दनची तीन मते दाखवू. त्याहून जवळचा दाखला मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयाचे माजी प्राध्यापक दादाभाई नौरोजी यांचा आहे. १८९२ साली ते मध्य फिन्सबरीतून कॉमन्स सभेत गेले, ते केवळ पाच मतांच्या आधिक्याने. त्या पाच माणसांनी घरी बसण्याचे ठरविले असते, तर हिंदुस्थानच्या दारिद्र्याचा प्रश्न दादाभाईंना त्या सभेत मांडता आला नसता. आजही विलायतेत रीतसर राहणाऱ्या भारतीय नागरिकाला तेथील पार्लमेंटच्या निवडणुकीत मताचा अधिकार आहे. १९३२ साली स्थापन झालेल्या लंडनच्या महाराष्ट्र मंडळाच्या परिसरात वावरणाऱ्या आमच्या बांधवांनी तो निष्काळजीपणे दवडू नये.

आता दोन शब्द घरचे. १९९६ साली बेळगाव लोकसभा मतदारसंघात ४५६ उमेदवार उभे राहिले. आमचा प्रश्न देशाच्या कानी घालण्याचा तो एक मार्ग होता, आणि देशाने त्याची दखल घेतली हे खरे; पण सरकारने त्याच वर्षी लोकसभेच्या उमेदवारीची अनामत पाचशेंवरून दहा हजारांवर नेली, आणि सीमाप्रश्न होता तेथेच राहिला. २०१३ साली सीमाभागाने समितीचे दोन आमदार कर्नाटकाच्या विधानसभेत पाठविले. २०१८ आणि २०२३ साली एकही गेला नाही. याचे खापर केवळ बेंगळुरूवर अथवा दिल्लीवर फोडून आम्हाला हात झाडता येतील काय? मराठी माणसाची नाराजी कमी झाली नव्हती. ती गटागटांत वाटली गेली, आणि वाटलेल्या नाराजीवर दुसरेच निवडून आले. टॅटनमध्ये दोन परस्परविरोधी पक्षांना एका उमेदवारासाठी बाजूस होता आले. एकाच ध्वजाखाली १७ जानेवारी १९५६ च्या हुतात्म्यांना वंदन करणाऱ्या आमच्या दोन गटांना ते साधू नये, याची आम्हाला लाज वाटते, आणि ती आम्ही वाचकांपासून लपवीत नाही.

न्यायालयात २००४ साली दाखल झालेल्या दाव्याकडे डोळे लावून आपण बसलो आहोत. न्यायासनासमोर पुरावा कागदांचा लागतो. पण जनतेच्या इच्छेचा पुरावा मतपेटीतूनच निघतो, आणि तो दर निवडणुकीत नव्याने द्यावा लागतो. कारमार्दनच्या लोकांनी एकेचाळीस वर्षे वाट पाहिली, तीन मतांनी हरले, आणि आठ महिन्यांनी पुन्हा मतपेटीपाशी आले. पुढच्या निवडणुकीत सीमाभागातील घराघरातून माणसे बाहेर पडोत, गल्लीतल्या मंडळींनी आधी एकत्र बसून एकच नाव ठरवावे, आणि मग त्या नावावर शिक्का पडावा. रागावण्याचा हक्क आपण पुष्कळ बजावला आहे. आता एकदा मोजले जाण्याचा बजावू.